पदवी हवी, पण तिचा खर्च कोणी उचलायचा?

बारावीचा निकाल लागला की आठ-पंधरा दिवसांत माझ्या अंगणात माणसं यायला लागतात. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी अजून 'सिस्टर'च आहे. कोणाचे वडील येतात, कोणाची मावशी येते, एखादी मुलगी मैत्रिणीला सोबत घेऊन स्वतःच येते. प्रश्न ठरलेला असतो. "सिस्टर, पोरीले नर्सिंगले टाकाचं म्हणतो जी. दोन वर्साचं करू, तीन वर्साचं का चार वर्साचं?"

दोन वर्षांचं म्हणजे एएनएम, सहायक परिचारिकेचं; तीन वर्षांचं जीएनएम, ही पदविका; चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग, ही पदवी. गावाच्या लेखी तिन्हीतून बाहेर पडते ती नर्सच. नोंदणी वेगळी, काम वेगळं, पुढची वाट वेगळी, हे नंतर कळतं. उत्तर देण्याआधी मी दोन गोष्टी विचारते. मुलगी आर्ट्सची की सायन्सची? आणि शेत किती, ओलिताचं की कोरडवाहू? मुलीला रुग्णाची सेवा जमेल का, रक्त पाहून चक्कर येते का, हे मी तिसऱ्या क्रमांकाला विचारते. ते पहिलं असायला हवं, याची मला दर वर्षी खंत वाटते.

परिचारिका व्हायचं तर पदवी सक्तीची करा, हा आग्रह जुना आहे. १९४६ साली भोर समितीने परिचारिकांना विद्यापीठाचं शिक्षण मिळावं असं सांगितलं, आणि त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला बी.एस्सी. नर्सिंग सुरूही झालं. अलीकडच्या काळात भारतीय नर्सिंग परिषदेने जीएनएम टप्प्याटप्प्याने बंद करून शाळांची महाविद्यालयं करायची दिशा धरली. मुदती ठरल्या, त्या पुढे गेल्या, आणि जीएनएम आजही चालू आहे. २०२३ साली १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा संसदेने केला. नवी व्यवस्था बसली की हा प्रश्न पुन्हा टेबलावर येणार. त्याआधी खेड्यातल्या एका नर्सचं म्हणणं नोंदवून ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

मी स्वतः आधी जीएनएम, आणि अकरा वर्षांच्या नोकरीनंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी., जीएनएम झालेल्या नर्सने पुढे करायची पदवी. म्हणजे दोन्ही बाजू माझ्या अंगावरून गेल्या आहेत. माझं मत असं आहे की प्रत्येक नर्सला पदवीपर्यंत पोहोचवलं पाहिजे. पण ती पदवी व्यवसायाच्या दारात उभी करून, तिचा सगळा भार मुलीच्या बापावर टाकून नव्हे. ज्याला पदवीधर नर्स हवी आहे, त्या सरकारने आणि त्या दवाखान्याच्या मालकाने तिला नोकरीत घेऊन, पगार चालू ठेवून शिकवावं.

पदवीची गरज मला कुठल्या परिषदेत पटली नाही. एका रात्री पटली. माझी पहिलीच नेमणूक होती, दिवस कपाशीवरच्या फवारणीचे होते. संध्याकाळी बैलगाडीतून एक माणूस आला. तोंडाला फेस, अंग घामाने निथळत होतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दिवसभर पाठीवर पंप घेऊन त्याने मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक फवारलं होतं. डॉक्टरांनी त्या विषावरचा उतारा, ॲट्रोपिन, सुरू केलं, दर पंधरा मिनिटांनी किती द्यायचं ते लिहून दिलं आणि दिवसभराच्या थकव्याने क्वार्टरवर गेले. ते एकटेच होते, मीही एकटीच होते. मी घड्याळाकडे बघून ॲट्रोपिन देत राहिले. रात्री दोनला मी तक्त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: बाहुल्या मोठ्या, जीभ कोरडी, अंग गरम, नाडी १४०. आणि पुढचा ॲम्प्यूल फोडला. तीनच्या सुमारास तो हवेतले धागे पकडू लागला, उठून पळू लागला. विष डोक्यात चढलं म्हणून नातेवाइकांनी लुगड्याच्या पट्टीने त्याचे हात खाटेला बांधले. मलाही तसंच वाटलं. सकाळी डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "सिस्टर, हे विष नाही, हे औषध चढलंय."

तो माणूस वाचला. पुढे दोन-तीनदा बाजारात भेटला, माझ्या पाया पडायला वाकला, आणि प्रत्येक वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आदेश अक्षरशः पाळला होता. लिहिलंही सगळं खरं होतं. पण जे लिहिलं त्याचा अर्थ मला कळत नव्हता. छातीतली घरघर थांबली, काखेतला घाम सुकला की औषध आवरायचं असतं, त्यानंतर ते किती लागतं याचा अंदाज घेत राहायचं असतं, आणि विष पुन्हा उसळी घेऊ शकतं म्हणून नजर हटवायची नसते. हे मला पोस्ट बेसिकच्या वर्गात नीट समजलं, तेव्हा मधे अकरा वर्षं गेली होती. वर्गात बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या रात्री मी डॉक्टरांना दोन वाजता उठवायला हवं होतं. हिंमत झाली नाही हे अर्धं कारण. काय सांगून उठवू, यासाठी माझ्याकडे शब्दच नव्हते, हे उरलेलं अर्धं.

शिक्षणाने नर्सला मिळतात ते हे शब्द. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दाखल झाले, तेव्हा ती रात्र मला रोज आठवत होती. विदर्भातल्या वॉर्डात असे प्रसंग कमी नाहीत. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं पोर हाडं दुखतात म्हणून किंचाळतं, आणि अंगाला ताप नाही, जखम नाही म्हणून त्याला 'नाटकी' ठरवलं जातं. मण्यार चावलेल्या माणसाला दंश दिसत नाही, सूज नाही, फक्त पापण्या जड होतात. ती पापणी पडताना ओळखणारी व्यक्ती बहुतेक वेळा नर्सच असते. बाळंतिणीचा रक्तदाब वाढलाय, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत, एवढं ऐकल्यावर झटका यायच्या आत मॅग्नेशियम सल्फेट तयार ठेवायचं असतं. "नर्सला एवढं शिकून काय करायचं, सुई टोचायची न् सलाईन लावायचं," असं म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडले आहे. हे बोलणारे कधी रात्रपाळीत वॉर्डात बसलेले नसतात.

म्हणून पदवीच्या बाजूने जे अभ्यास दाखवले जातात ते मी झटकून टाकत नाही. त्यातला एक मोठा आहे तो २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. युरोपातले नऊ देश, तीनशे रुग्णालयं, नेहमीच्या शस्त्रक्रिया झालेले पन्नाशीपुढचे चार लाख बावीस हजारांवर रुग्ण. रुग्णालयात पदवीधर परिचारिकांचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असलं, तर दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी निघाली. सभा-संमेलनांत हे वाक्य इथे संपतं. त्याच अभ्यासातलं दुसरं वाक्य कोणी वाचून दाखवत नाही: एका नर्सच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला, तर दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. दोन्ही आकडे एकाच पानावरचे, दोन्ही सारखेच वजनदार. शिवाय तिथली तुलना होती ती एका नर्समागे सरासरी सहा रुग्ण असलेली रुग्णालयं आणि आठ रुग्ण असलेली रुग्णालयं यांची.

आमच्याकडचं ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं असतं. रात्री सिस्टर एक. वॉर्ड तिचा, लेबर रूम तिची, आणि अपघात विभागाचं दारही तिचंच. आत बाई कळा देत असते आणि बाहेर जीपमधून साप चावलेला माणूस उतरवत असतात. मी ते केलंय, माझ्यानंतरच्या मुलीही करताहेत. त्या जागी तुम्ही एम.एस्सी. झालेली नर्स उभी केलीत, तरी तिला दोनच हात आणि दोनच डोळे असणार. रिकाम्या जागा तशाच ठेवून वरून पदवीची अट घालणं म्हणजे विहिरीत पाणी नसताना जास्त ताकदीची मोटर बसवण्यासारखं आहे. आधी जागा भरा असं म्हणताना शिक्षण पुढे ढकला असं मी म्हणत नाही. दोन्ही कामं एकदम धरता येतात. पण एका कामाचा खर्च सरकारवर पडतो आणि दुसऱ्याचा मुलीच्या घरावर, म्हणून दुसऱ्याचीच चर्चा जास्त होते, अशी मला दाट शंका आहे.

आता त्या घराकडे येऊ.

बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, वर सीईटी. जीएनएमला आणि एएनएमला कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा फरक किरकोळ वाटेल. झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, पलीकडे एटापल्ली, भामरागड, वर मेळघाटात धारणी, चिखलदरा इथल्या मुलीच्या आयुष्याचा तो फरक आहे. गावाजवळच्या आश्रमशाळेत बारावीला कला शाखा असेल तर मुलगी कला शाखेला जाते, कारण विज्ञानासाठी तालुक्याला ठेवायचं म्हणजे खोली, खाणावळ आणि आईच्या जिवाचा घोर. ज्या विज्ञानाला जातात त्याही येऊन सांगतात की फिजिक्सचे सर दिवाळीनंतर आले, प्रात्यक्षिकं वहीत उतरवून घेतली. ही मुलगी मठ्ठ नसते. पंधराव्या वर्षी, दहावीच्या सुट्टीत, कोणीतरी तिच्यासाठी शाखा निवडलेली असते, बहुतेक वेळा एसटीच्या वेळापत्रकाने. पदवी सक्तीची झाली की त्या निवडीवर कायमचं शिक्कामोर्तब होतं.

आणि ती मुलगी बाहेर राहिली की वॉर्डाचंही काहीतरी जातं. मी शिकवत होते तेव्हाची गोष्ट. एका कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, म्हातारी दाखल झाली होती. कोलामी ही गोंडी-तेलुगूच्या कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. म्हातारी सारखी काहीतरी सांगत होती, औषध दिलं की हात झटकत होती. केसपेपरवर 'सहकार्य करत नाही' असा शेरा पडला. आमची जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी त्याच समाजाची, आश्रमशाळेत शिकलेली, कला शाखेची, इंग्रजीत कशीबशी पास झालेली. ती म्हातारीजवळ बसली, पाच मिनिटं बोलली आणि मला येऊन म्हणाली, "मॅडम, तिला आठ दिवसांपासून डांबरासारखी काळी शौच होतेय. गुडघ्यासाठी कुठूनतरी गोळ्या घेत होती. त्याच गोळ्या पुन्हा देतो असं तिला वाटतंय." पोटात रक्तस्राव होत होता. ते निदान त्या दिवशी एका भाषेमुळे झालं, आणि ती भाषा नर्सिंगच्या अभ्यासक्रमात नाही. त्या मुलीपुढे बी.एस्सी.चं एकच दार असतं, तर त्या दिवशी ती कापूस वेचत असती.

पैशाचं मी थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी जागा मोजक्या. खासगीत चार वर्षांची फी, होस्टेल, मेस, गणवेश, परीक्षा. कोरडवाहू चार एकरवाला बाप सोयाबीन विकून पहिला हप्ता भरतो, तूर विकून दुसरा, आणि तिसऱ्याला सावकार किंवा बायकोच्या अंगावरचं सोनं. शिष्यवृत्ती असते, पण ती वेळेवर येईल या भरवशावर कॉलेज परीक्षेला बसू देत नाही. तीनऐवजी चार वर्षं म्हणजे एक वर्षाची फी अधिक एक वर्षाचा न मिळालेला पगार. धाकट्या बहिणीचं शिक्षण त्या एका वर्षात अडकतं.

याहून जास्त वेळ मला दुसऱ्या एका गोष्टीवर थांबायचं आहे. पदवी सक्तीची केली की शिक्षण सुधारेल, हे गृहीत धरलं जातं. मी पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका होते, परीक्षा घ्यायला गेले आहे. नर्सिंग शिकवणाऱ्या संस्थेला स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय हवं, असा नियम आहे. कागदावर ते असतंही. प्रत्यक्षात तीन-तीन संस्थांच्या बसगाड्या सकाळी जिल्हा रुग्णालयाच्या दारात उभ्या राहतात. एका रुग्णाचा रक्तदाब नऊ मुली मोजतात, दहावी आली की तो पांघरूण तोंडावर ओढून घेतो. मी शिकले तेव्हा केसबुकात वीस बाळंतपणं स्वतःच्या हाताने केल्याची नोंद लागायची, आणि प्रत्येक नोंदीवर ज्या सिस्टरने उभं राहून पाहिलं तिची सही. आता केसबुक हातात घेतलं तर तीच बाई, तेच वजनाचं बाळ, तीच वेळ तीन मुलींच्या वहीत सापडते. मी विचारलं तर मुलगी खाली मान घालून सांगते, "मॅडम, आम्हाला लेबर रूममध्ये उभंच राहू देत नाहीत." मुलीला मी दोष देत नाही. तिने फी भरली आहे, तिला शिकायचं आहे.

हे पदविकेतही आहे आणि पदवीतही. एक बी.एस्सी. झालेली मुलगी मला विषबाधेची लक्षणं इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवू शकते, अगदी त्या रात्री मला जी यायला हवी होती ती सगळी. पण शिकताना तिने एकही असा रुग्ण जवळून पाहिलेला नाही. माझ्याकडे हात होते, अर्थ नव्हता. तिच्याकडे अर्थ आहे, हात नाहीत. उद्या कायद्याने सगळ्या शाळांची महाविद्यालयं झाली तर पाटी रंगवायला एक दिवस लागेल. खाटा, शिक्षिका आणि रुग्ण एका दिवसात येणार नाहीत. २०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्राने २०१४ नंतरच्या वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नर्सिंग महाविद्यालयं काढायची घोषणा केली, ती मला म्हणूनच बरी वाटली. तिथे निदान रुग्णालय खरं असतं. विदर्भाला असल्या जागा जितक्या जास्त, तितकं चांगलं.

माझ्या बरोबरीच्या, माझ्याहून हुशार अशा एका मैत्रिणीशी या विषयावर माझं नेहमी वाजतं. तिचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ते मला झोपू देत नाही. ती म्हणते, "तू गरिबाच्या मुलीची बाजू घेतेस, आणि त्यासाठी गरिबाच्या आजारपणाला कमी शिकलेली नर्स देतेस. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पदवीधर, आणि पोडावर पदविकावाली. हा न्याय झाला का? डॉक्टरला आपण साडेपाच वर्षं मागतो. नर्सला तीन चालतात, कारण ती बाई आहे आणि बाईचं काम शिकावं लागत नाही असं सगळ्यांना वाटतं."

यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरला चोवीस वर्षांचा इंटर्न "ए सिस्टर" म्हणून हाक मारतो, ते मीही ऐकलं आहे. पण पदवीने ते बदललेलं मला दिसत नाही. आपल्या राज्यात सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) पदावर जीएनएम आणि बी.एस्सी. एकाच वेतनश्रेणीत काम करतात. पदवी मागणाऱ्या व्यवस्थेने पदवीची किंमत स्वतः कधी मोजलेली नाही. म्हणून बी.एस्सी. झालेली मुलगी दोन वर्षं अनुभव घेते आणि नागपूर, पुणे, मस्कत किंवा त्याहून दूर जाते. तिने जावं, तिच्या बापाने सोनं गहाण ठेवलं होतं. पण मग मैत्रिणीच्या प्रश्नातल्या पोडावर पदवीधर नर्स येणार कुठून? तिथे कमी शिकलेली आणि जास्त शिकलेली अशी निवडच नसते. तिथे असते ती नर्स किंवा कुलूप.

आणि कमी शिकलेली म्हणजे काय, हेही तपासायला हवं. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. काम करणाऱ्या होत्या गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका. नवजात मृत्यूचं प्रमाण तिसऱ्या वर्षी, ज्या गावांत हे काम नव्हतं त्यांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी खाली आलं, आणि १९९९ साली तेही 'लॅन्सेट'मध्येच छापून आलं. यावरून कोणीही नर्स होऊ शकतं असा अर्थ मी काढत नाही. त्या बायकांचं काम ठरावीक आणि मर्यादित होतं. पण त्यांना काय यायला हवं ते नेमकं ठरलेलं होतं, ते करून दाखवावं लागायचं, आणि चूक पकडायला कोणीतरी नेमाने घरोघर जात होतं. नर्सच्या बाबतीत आपण नेमकं हेच करत नाही. नोंदणी देताना हाताची परीक्षा घ्या, पदविकावालीची आणि पदवीवालीची एकच, खऱ्या वॉर्डात, बाहेरच्या परीक्षकासमोर. त्यात नापास होईल तिला रुग्णाजवळ जाऊ देऊ नका. इतकी कडक अट मला मान्य आहे, कारण ती मुलीच्या शाखेला आणि बापाच्या शेताला विचारत नाही.

पदवीचं काय मग? न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०१७ मध्ये एक कायदा केला. तिथे पदवीहून खालचं दोन वर्षांचं नर्सिंग करून मुलगी आजही नोंदणी घेऊ शकते, कामाला लागू शकते. मात्र नव्याने येणाऱ्यांनी नोंदणीपासून दहा वर्षांच्या आत नर्सिंगची पदवी मिळवायची. दार उघडं, आणि पुढची पायरी बंधनकारक. जर्मनी तर अजून वेगळ्या वाटेने गेली. तिथली बहुसंख्य परिचारिका तीन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण घेते, निम्म्याहून जास्त वेळ प्रत्यक्ष कामात, आणि त्या तीन वर्षांत तिला दरमहा पैसे मिळतात. २०२४ साली आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. आपल्या मुली ज्या देशात पाठवतो, त्या देशाने प्रशिक्षणाचा खर्च मुलीच्या घरावर टाकलेला नाही, एवढं तरी करार करताना कोणाच्या लक्षात आलं असेल अशी आशा आहे. आपल्याकडेही सरकारी नर्सिंग शाळेत विद्यावेतन मिळायचं. मला मिळालं. त्यातून मी घरी पैसे पाठवले आहेत.

मी जेव्हा पोस्ट बेसिकला गेले तेव्हा धाकटा मुलगा अडीच वर्षांचा होता. सासूबाईंनी दोन वर्षं दोन्ही पोरं सांभाळली, "तू शिक, म्या हाय," एवढंच म्हणाल्या. मला पगार चालू ठेवून पाठवलं गेलं, हे माझं नशीब. माझ्या वॉर्डातल्या इतर चौघींनी अर्ज केले होते. प्रत्येकीला एकच उत्तर मिळालं: बदली माणूस नाही, सोडता येत नाही. एक तर सलग सहा वर्षं अर्ज करत होती, सातव्या वर्षी वयाची अट आडवी आली. आज बरीच कामं कंत्राटी मुली करतात, अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशावर. त्या तर रजाच मागू शकत नाहीत, दोन वर्षांची तर नाहीच. उद्या न्यूयॉर्कसारखा नियम नुसता भाषांतर करून आणला, तर दहा वर्षांनी याच मुलींची नोंदणी धोक्यात येईल. म्हणून नियमाच्या आधी सोय यायला हवी: प्रत्येक जिल्ह्यात शिकायला गेलेल्या नर्सच्या जागी काम करणारी राखीव पदं, पूर्ण पगार, आणि जिला घर सोडता येत नाही तिच्यासाठी जिल्हा रुग्णालयातच शनिवार-रविवारचे वर्ग. इग्नूने नोकरी करणाऱ्या नर्सना तीन वर्षांत पोस्ट बेसिक करून दाखवलं आहे, तेव्हा हे अशक्य नाही. कला शाखेच्या मुलींसाठी सुरुवातीचे सहा महिने विज्ञान आणि इंग्रजी, मराठीतून समजावत. बदल्यात सरकारने तिच्याकडून पाच वर्षं त्याच जिल्ह्यात सेवा लिहून घ्यावी. कोणीही नाही म्हणणार नाही, कारण तिचं घर तिथेच आहे.

सगळ्यात मोठा अन्याय मात्र एएनएमवर आहे, आणि तिचं नाव या चर्चेत कोणी घेतच नाही. उपकेंद्र ती चालवते. मैदानी भागात पाच हजार लोक, आदिवासी भागात तीन हजार, लसीकरण, गरोदर बायांच्या तपासण्या, रात्री-बेरात्री बाळंतपण, नोंदवह्या, आणि आता मोबाइलमधल्या नोंदी. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमायला सुरुवात झाली, पदवीधर आणि वर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेले. कल्पना चांगली आहे. पण वीस वर्षं ते उपकेंद्र सांभाळलेल्या बाईला तिथपर्यंत जायला एकही जिना ठेवलेला नाही. तिला जीएनएम व्हायचं असेल तर पहिल्या वर्षापासून, तिच्या मुलीच्या वयाच्या मुलींशेजारी बसून, पूर्ण तीन वर्षं. वीस वर्षांत तिने केलेल्या बाळंतपणांना एका दिवसाचीही सूट नाही. पदवीचा आग्रह धरणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी, मी त्यांच्या सोबत येईन.

यंदा जूनमध्ये आलेल्या एका बापाला मी हे सगळं एवढ्या विस्ताराने नाही सांगितलं. मुलगी कला शाखेची, त्रेसष्ट टक्के, रक्ताला न घाबरणारी. आजीच्या गँगरीनच्या पायाची पट्टी दोन वर्षं तिनेच बदलली होती. मी म्हटलं, सरकारी जीएनएमला फॉर्म भरा, खासगीत घाई करू नका, आणि नोकरी लागली की तिसऱ्या वर्षापासून पदवीसाठी अर्ज करत राहायचं. तो बराच वेळ हातातल्या टोपीकडे बघत बसला. मग म्हणाला, "अन् तवा सरकार सुटी देईन का जी? पगार चालू ठेवीन का?"

मी त्याला म्हटलं, आज तरी हो म्हणता येत नाही. मुलीने फॉर्म भरला आहे.